गुरू जेवता जेवता गेले, आणि या डॉक्टरनं शॉकचं मशीन थेट माणसाच्या शरीरात बसवायचं ठरवलं

गोष्ट १९६६ सालची. इस्राएलमधले डॉक्टर हॅरी हेलर यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अचानक बेफाम सुटायला लागले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेले मिशेल मिरोव्स्की स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. हे दुखणं कुठे जाऊ शकतं याची त्यांना पूर्ण कल्पना होती, पण इलाज नव्हता. शॉक देऊन हृदय ताळ्यावर आणणारं मशीन हॉस्पिटलमध्ये होतं, आणि हेलर काही जन्मभर हॉस्पिटलच्या खाटेवर राहणार नव्हते. घरच्यांसोबत जेवताना ते कोसळले आणि गेले.

पेशंट मशीनजवळ राहू शकत नसेल, तर मशीनच पेशंटच्या आत का बसवू नये? मिरोव्स्कींनी हा प्रश्न जाणकारांना विचारला. त्यांनी सरळ उडवून लावला. तेव्हाचं मशीन होतं १५-२० किलोंचं. ते पोटात बसवणार कसं?

पण हा माणूस एवढ्यावर गप्प बसणारा नव्हता.

मिरोव्स्कींचा जन्म १९२४ चा, पोलंडच्या वॉर्सामधला. घर ज्यू, मूळ नाव मोर्देखाय फ्रीडमन. १९३९ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. ज्यू आडनाव म्हणजे मरण, म्हणून वडिलांनी मुलाचं नाव बदललं. पंधराव्या वर्षी तो घर सोडून पूर्वेला, रशियाच्या बाजूला निघाला. युद्ध संपलं तेव्हा कुटुंबातला तो एकटाच जिवंत राहिला होता.

डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी फ्रान्सच्या लियोनमध्ये घेतलं, तेही फ्रेंच धड येत नसताना. पुढे इस्राएलमध्ये हेलर यांच्याकडे काम केलं, मग मेक्सिको आणि अमेरिका. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांना हेलन टॉसिग यांच्याकडे शिकायला मिळालं. लहान मुलांच्या हृदयविकारांचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्याच या टॉसिग.

हेलर गेल्यावर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, मिरोव्स्की बाल्टिमोरच्या सिनाई हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. तिथे मॉर्टन मोवर नावाचे दुसरे हृदयरोगतज्ज्ञ भेटले आणि १९६९ मध्ये दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले.

मशीन लहान होऊ शकतं असं त्यांना का वाटलं, ते बघा. काही वेळा हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते. उपचार नाही मिळाले तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. बाहेरून शॉक दिला की बरीचशी वीज छातीतच वाया जाते, म्हणून तिथे शेकडो ज्यूल लागतात. तीच वीज हृदयाला चिकटून दिली तर पंचवीस-तीस ज्यूलमध्ये काम होतं. म्हणजे बॅटरीही छोटी आणि डबीही छोटी.

१९७२ मध्ये मात्र मोठा धक्का बसला. हृदयरोगाच्या एका नामांकित जर्नलमध्ये बर्नार्ड लाऊन यांनी या कल्पनेवर कडाडून टीका केली. लाऊन साधे टीकाकार नव्हते. आज वापरतात तसं डीसी शॉकचं मशीन वैद्यकात त्यांनीच आणलं होतं. अशा माणसानं नाही म्हटल्यावर पाठिंबा मिळणार कुठून? शेवटी पिट्सबर्गची मेडरॅड ही छोटी कंपनी आणि तिचे प्रमुख स्टीफन हाइलमन पाठीशी उभे राहिले.

१९७५ मध्ये एका कुत्र्यात पूर्ण यंत्र बसवलं गेलं आणि त्याची फिल्म काढली. हृदय मुद्दाम थरथरवलं, कुत्रा आडवा झाला, आतून शॉक बसला आणि थोड्याच वेळात गडी शेपूट हलवत उभा! शंकेखोर म्हणाले, कुत्र्याला पडायला शिकवलं असेल. मग फिल्ममध्ये कुत्र्याचा ईसीजीही दाखवायला लागला.

४ फेब्रुवारी १९८० ला जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जन लेवाय वॉटकिन्स यांनी पहिल्यांदा एका माणसात हे यंत्र बसवलं. पेशंट ५७ वर्षांची बाई होती. छाती उघडून तारा हृदयावर लावल्या आणि पाव किलोच्या आसपासची डबी पोटाच्या कातडीखाली ठेवली. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारनं मान्यता दिली. पाचच वर्षांनी, २६ मार्च १९९० ला, मिरोव्स्की रक्ताच्या कॅन्सरनं गेले. वय होतं ६५.

त्यांच्या माघारी आणखी पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, लाँग क्यूटी सिंड्रोममागची काही जनुकं सापडली. या आजारात हृदयाची रचना बिनचूक असते, बिघाड असतो तो विजेच्या लयीत, आणि तो आईवडिलांकडून मुलात येतो. पळताना, पोहताना किंवा अलार्मच्या दचक्यानं धडधाकट पोर कोसळतं आणि घरच्यांना वाटतं फिट आली. पूर्वी अशा घरात एकामागोमाग मुलं जायची आणि कारण कळायचं नाही. आता एका मुलाचा आजार सापडला की भावंडांचीही तपासणी होते.

मग प्रत्येक मुलात मशीन बसवायचं का? नाही. इथे लाऊन यांच्या आक्षेपात तथ्य होतं असं मान्यच करावं लागतं. यंत्र चुकून शॉक देईल का, आणि बसवायचं नेमकं कुणाला, हे प्रश्न मुलांच्या बाबतीत आणखी अवघड होतात. खेळताना ठोके वाढले किंवा तार तुटली, तर यंत्राची फसगत होते आणि शुद्धीवर असलेल्या मुलाला शॉक बसतो. काही मुलं त्यानंतर खेळायला, झोपायलाही घाबरतात. सीपीव्हीटी नावाच्या अशाच दुसऱ्या आनुवंशिक आजारात तर शॉकच्या वेदनेनं अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि ठोके पुन्हा बिघडू शकतात. म्हणून बहुतेक मुलांना आधी बीटा-ब्लॉकर गोळ्या देतात, काहींमध्ये हृदयाकडे जाणाऱ्या नसांवर शस्त्रक्रिया करतात. ज्यांचं हृदय एकदा थांबून परत सुरू झालंय, किंवा औषधं चालू असतानाही जी मुलं बेशुद्ध पडतात, त्यांच्यासाठी मुख्यतः आयसीडीचा विचार होतो.

अगदी लहान मुलाच्या शिरा तारेसाठी अरुंद असतात. त्यामुळे तारा हृदयाच्या बाहेरून लावतात आणि डबी पोटात ठेवतात, १९८० मध्ये त्या बाईंना ठेवली होती तशीच. बॅटरी काही वर्षांनी संपते, तेव्हा डबी बदलायला पुन्हा ऑपरेशन. आणि मुलाची उंची वाढेल तशी तार ताणली जाऊ नये, म्हणून सर्जन आत तिचं एक वेटोळं मोकळं सोडून ठेवतात.