कुलपातल्या चिजा

बँकेत असताना काही वर्षे लॉकरच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. एक वृद्ध गृहस्थ महिन्यातून एकदा नेमाने यायचे, दहा मिनिटे आत बसायचे आणि निघून जायचे. ते गेल्यावर कळले की घरात कोणालाच किल्लीचा पत्ता नव्हता. शेवटी पंचांसमक्ष लॉकर फोडावा लागला. आत निघालेल्या कागदांवरची शाई पार उडून गेली होती.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव निघाले की मला तो लॉकर आठवतो. आपल्या घरांतून भातखंडे म्हणजे दहा थाट आणि मुलांच्या गाण्याच्या परीक्षा, एवढेच समीकरण झाले आहे. थाटांबद्दल जाणकारांनी बरेच वाद घातले, अजूनही घालतात. त्यात मी पडत नाही. मला हा माणूस मोठा वाटतो तो त्याने उघडलेल्या कुलपांसाठी.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरी त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली बी. ए., दोन वर्षांनी एलएल. बी., मग काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली. चारचौघांसारखा मध्यमवर्गीय आलेख. पण १८८४ पासूनच ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. मुंबईतल्या पारशी रसिकांनी चालवलेली ही संस्था. तिथे नामवंत गवई येत आणि गाणे शिकवतही. रावजीबुवा बेलबागकरांकडून भातखंड्यांनी शेकडो धृपदे घेतली, इतरांकडून ख्याल. वकिलाची सवय अशी की ऐकले ते लिहून ठेवायचे. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले की एकाच रागाबद्दल दोन घराणी दोन गोष्टी सांगतात आणि पुरावा मात्र एकाकडेही नाही, असलीच तर एखादी चीज.

१९०० साली पत्नी गेली. १९०३ मध्ये एकुलती एक मुलगी. पुढे वकिलीही सुटली. एवढ्या दुःखानंतर कोणी तीर्थयात्रेला जातो, हे गृहस्थ चिजांच्या यात्रेला निघाले. १९०४ साली मद्रास, तंजावर, एट्टयापुरम. त्यानंतरच्या वर्षांत कलकत्ता, काशी, अलाहाबाद. रोजनिशी बरोबर असेच.

त्या काळी खानदानी चीज म्हणजे इस्टेट. ती मुलाला द्यायची, फार तर जावयाला. परक्याला शिकवायची वेळ आलीच तर अंतरा गाळून शिकवायची, असेही चाले. त्या उस्तादांना दोष देणे सोपे आहे. पण दरबाराच्या मेहेरबानीवर पोट असलेल्या माणसाने आपली एकमेव ठेव कोणा वकिलाच्या वहीत का उतरू द्यावी? मी त्यांच्या जागी असतो तर दिली नसती.

तरीही काहींनी दिली. जयपूरच्या मनरंग परंपरेतले महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून शेकडो ख्याल मिळाले. त्यांतले पुष्कळ फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवले गेले. रामपूरला तर भातखंडे खुद्द नवाब हमीद अली खाँचे शागीर्द झाले, म्हणजे तिथला दरवाजा उघडला. इथे एक खटकणारी गोष्ट सांगायलाच हवी. ज्या उस्तादांच्या ओंजळीने हे पाणी प्यायले, त्यांच्याबद्दल, त्यांच्या अडाणीपणाबद्दल, भातखंड्यांची लेखणी बरीच कडवट चालते. शास्त्र कळत नाही म्हणून त्यांनी ज्यांना नावे ठेवली, त्यांच्याच गळ्यांवर त्यांचे सारे शास्त्र उभे आहे. हे ऋण त्यांनी अधिक मोकळ्या मनाने मानायला हवे होते, असे मला वाटते.

पण मिळालेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही, हेही तितकेच खरे. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग मूळ मराठीत निघाले. त्यांत सुमारे १,८०० चिजा स्वरलिपीसह आहेत. यमनसारख्या रागात डझनांनी चिजा दिल्या आहेत, आणि आपण मैफलीत ऐकतो त्याच त्या चार-पाच! शेवटच्या भागांत तर एरवी क्वचित कानावर पडणारे राग आहेत. यापुढे ख्याल ऐकताना अंतऱ्याकडे जरा कान द्या. बांधणारा तिथे आपले नाव ओवून ठेवतो. सदारंग म्हणजे महंमदशहाच्या दरबारातले नियामत खाँ, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दरसपिया म्हणजे अत्रौलीचे मेहबूब खाँ, हे किती जणांना माहीत आहे? ‘चतुर’ असे नाव ऐकू आले तर ते बहुधा स्वतः भातखंडे. रागाची लक्षणे त्याच रागात सांगणारी लक्षणगीते त्यांनी बांधली, ती याच नावाने.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दहा वर्षांनी लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. पुढे ते कैसरबागेतल्या वाजिद अली शहाच्या परीखान्यात गेले. आज ते भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. १९३३ साली अर्धांगवायूचा झटका आला आणि तीन वर्षे अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते वारले. मालिकेचे शेवटचे भाग त्यानंतर छापून आले.

स्वरलिपी म्हणजे गाण्याचा नुसता सांगाडा, हा आक्षेप तेव्हाही होता. निवृत्तीनंतर मी पेटीवर बसून तो पडताळून पाहिला. रद्दीच्या दुकानात मिळालेला चौथा भाग पुढ्यात घेऊन एक चीज वाजवली. शेजारी एक वयस्कर गायनशिक्षिका राहतात. त्या थोडा वेळ सहन करून आल्या, म्हणाल्या की स्वर बरोबर आहेत पण ही चीज अशी चालत नाही. मग त्यांनी ती गाऊन दाखवली. त्यांच्या गुरूंकडून आलेली चाल मुखड्यालाच वेगळी वळत होती. अंतऱ्याचे शब्द मात्र त्या विसरल्या होत्या. ते मी पुस्तकातून वाचून सांगितले, तेव्हा त्यांना पुढचे गाता आले. त्यांचा मुखडा मी पेन्सिलीने पानाच्या कडेला लिहून ठेवला आहे.