मोडशीची पहिली नोंद करणारे डॉक्टर

मोडशी हा शब्द खेड्यापाड्यातल्या जुन्या माणसांना अजून ठाऊक आहे. अजीर्ण होऊन उलट्या-जुलाब सुरू झाले की मोडशी झाली असे म्हणत. हाच शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपच्या वैद्यकात पोहोचला. तो नेला गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. आई-वडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्येही सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. ऑर्टा स्पेनमध्ये वैद्यक शिकले आणि लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागले.

तेव्हा युरोपात प्राचीन ग्रीक ग्रंथ प्रमाण मानले जात. टॉलेमीच्या भूगोलात हिंदी महासागर चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला होता. दालचिनी, मिरी कुठून येते याच्या तर दंतकथाच होत्या. १४८८ मध्ये पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि तो नकाशा खोटा ठरला. मग औषधांचे ग्रंथ तरी कितपत खरे?

ऑर्टा १५३४ मध्ये जहाजाने निघाले आणि सुमारे सहा महिन्यांनी गोव्यात उतरले. पुढची ३४ वर्षे ते इथेच राहिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहवर त्यांनी उपचार केले. दरबारातले हकीम, गोव्यातले वैद्य, व्यापारी अशा सगळ्यांना ते विचारत, झाडे स्वतः पाहत. मुंबई बेटही काही काळ त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते.

१५६३ मध्ये गोव्यात त्यांचे औषधींवरचे पुस्तक छापले गेले. त्यात दोन डॉक्टरांचा संवाद आहे. एक ग्रंथ पुढे करतो, तर दुसरा, म्हणजे स्वतः ऑर्टा, डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. उत्तम दालचिनी श्रीलंकेची आणि पिंपळी ही मिरीपेक्षा वेगळी वनस्पती, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्याही काही चुका झाल्या, पण त्या तपासता येण्याजोग्या होत्या.

याच पुस्तकात मोडशीचे, म्हणजे पटकीचे वर्णन आहे. युरोपीय डॉक्टराने केलेल्या पटकीच्या पहिल्या सविस्तर वर्णनांपैकी ते एक. खोल गेलेले डोळे, गार पडलेले अंग, मंद नाडी, पायांत गोळे. जुलाबाच्या रुग्णात शरीरातले पाणी किती कमी झाले हे ओळखताना आजही डोळे आणि नाडी आधी पाहतात. पुढे फ्रेंचांनी ऐकीव उच्चारावरून मोडशीचा अर्थ चक्क ‘कुत्र्याचे मरण’ असा केला!

१५६७ मध्ये पुस्तकाचा लॅटिन संक्षेप निघाला आणि ते युरोपभर गेले. १५६८ मध्ये ऑर्टा वारले. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल त्यांची बहीण कातारीना हिला जाळले. १५८० मध्ये ऑर्टांवरही तोच ठपका ठेवून त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली.

आज पणजीत त्यांच्या नावाची बाग आहे. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा समोरच्या रुग्णात काय दिसते, हे पाहण्याची त्यांची सवय मात्र प्रत्येक डॉक्टरने उचलावी अशी आहे.