एका हंगामाचा मानकरी : लुई सोकालेक्सिस

कॉलेजच्या वार्षिक अंकात दरवर्षी थोरांची चरित्रे येतात. ती बहुधा अशा माणसांची असतात, की ज्यांच्याविषयी लहानपणी केलेली भाकिते पुढे तंतोतंत खरी ठरली. त्यांचे पाय पाळण्यात दिसले आणि ते पाय यथावकाश शिखरावरही पोचले. परंतु ज्यांचे पाय पाळण्यात दिसले आणि अर्ध्या वाटेतच अडखळले, त्यांचे चरित्र कोण लिहितो? अशाच एका माणसाची हकीगत मी येथे सांगणार आहे. तो आपल्या देशाचा नव्हे आणि त्याचा खेळही आपला नव्हे. त्याला जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही त्याचे आयुष्य वाचताना मला तो परका वाटला नाही. का वाटला नाही, ते ओघात येईलच.

त्याचे नाव लुई सोकालेक्सिस. खेळ बेसबॉलचा. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी दोन शब्द सांगते. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. तो चेंडू टप्पा न पाडता थेट फलंदाजाच्या अंगावर यावा तसा फेकतो. फलंदाजाच्या हातात चपटी बॅट नसून गोल दांडा असतो. चेंडू टोलवून त्याने पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोचावे, की तो यशस्वी फटका झाला. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर होमरन. म्हणजे आपला षटकारच म्हणा ना! गंमत अशी, की दहापैकी तीन वेळा ज्याला यशस्वी फटका मारता येतो तो उत्तम फलंदाज समजला जातो. म्हणजे उत्तमातला उत्तम खेळाडूही दहातून सहा-सात वेळा मान खाली घालूनच परत येतो. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा.

लुईचा जन्म २४ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात झाला. तेथील पेनॉब्स्कॉट नदीत इंडियन आयलंड नावाचे बेट आहे आणि त्यावर पेनॉब्स्कॉट जमातीची वस्ती आहे. ज्यांना आपल्या जुन्या पुस्तकांतून तांबडे इंडियन म्हणत, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ही एक जमात. बेटाला त्या काळी पूल नव्हता. समोरच्या ओल्ड टाउन गावात जायचे तर होडीतून जावे लागे. जंगलात लाकूड तोडणे, ओंडके नदीच्या प्रवाहातून खाली नेणे, टोपल्या विणून विकणे यांवर लोकांची गुजराण चाले. देश मुळात त्यांचा. पण अमेरिकेतील सर्व मूळ रहिवाशांना त्या देशाचे नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावे लागले. लुई तोवर जिवंतही राहिला नाही.

मुलगा चपळ होता, धावण्यात वाऱ्यासारखा आणि हाताने असा बळकट, की त्याने फेकलेला चेंडू पाहायला लोक थांबत. मेनमधल्या उन्हाळी सामन्यांत तो नाव मिळवू लागला. तिथेच मायकेल पॉवर्स नावाच्या सहखेळाडूशी त्याची दोस्ती झाली आणि पॉवर्सच्या आग्रहाने तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजात दाखल झाला. जेझुइट पाद्र्यांचे हे कॉलेज. नदीतल्या बेटावरचा मुलगा कॉलेजात गेला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८९५ आणि १८९६ अशी दोन वर्षे तो होली क्रॉसकडून खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी पहिल्या वर्षी ०.४३६, तर दुसऱ्या वर्षी ०.४४४ होती. म्हणजे दहात तीनच्या जागी चारांहून अधिक यशस्वी फटके! हार्वर्डविरुद्धच्या एका सामन्यात त्याने सीमेवरून केलेली फेक नंतर मोजली, तेव्हा ती ४१४ फूट भरली, असे सांगतात. जेसी बर्केट हा क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघातला नामवंत फलंदाज याच वूस्टरचा रहिवासी. त्याच्या पारखी नजरेतून हा मुलगा सुटणे शक्यच नव्हते.

१८९७ च्या आरंभी लुई आणि पॉवर्स होली क्रॉस सोडून इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात गेले. पण मार्च महिन्यातच दारू पिऊन केलेल्या दंग्यावरून लुईला तेथून काढून टाकण्यात आले. संकटाची पहिली घंटा तेव्हाच वाजली होती. ती कोणाला ऐकू आली नाही, कारण क्लीव्हलंडचा संघ करारपत्र घेऊन तयारच होता. शिक्षण संपले आणि धंद्याचा खेळ सुरू झाला.

त्या वसंतात वर्तमानपत्रांनी लुईचा एवढा गाजावाजा केला, की त्याने मोठ्या लीगमधला एकही चेंडू खेळण्याआधी तो प्रसिद्ध झाला होता. क्लीव्हलंडच्या संघाला लोक स्पायडर्स म्हणत. आता वार्ताहर त्याला इंडियन्स म्हणू लागले. २२ एप्रिल १८९७ रोजी लुईसव्हिल येथे तो आपला पहिला सामना खेळला. मूळ अमेरिकन म्हणून उघडपणे ओळखला गेलेला मोठ्या लीगमधला तो पहिला खेळाडू मानला जातो.

आणि मैदानावर त्याचे स्वागत कसे झाले? तो दिसला की प्रेक्षक तोंडावर हात आपटून युद्धाच्या आरोळ्यांची नक्कल करीत. कोणी डोक्यात पिसे खोवून येत. साउथ डकोटातील वुंडेड नी येथे अमेरिकन लष्कराने लकोटा जमातीच्या बायकामुलांसह शेकडो लोकांना मारले, ती घटना डिसेंबर १८९० ची. तिला पुरती सात वर्षेही झाली नव्हती. ज्यांच्या आरोळ्यांची ही नक्कल चालली होती, त्यांचे आवाज कायमचे बंद करून झाल्यावरची ही करमणूक होती. दोन वर्षे कॉलेजात शिकलेल्या या तरुणाला पाहायला कोणी येत नव्हते. लोक येत होते ते एक तमाशा पाहायला.

लुईने उत्तर दिले ते बॅटने. १६ जून १८९७ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याच्यासमोर एमस रूसी हा पिचर होता. रूसीच्या चेंडूंचा वेग असा, की १८९३ साली पिचरचे अंतर वाढवण्याचा जो नियम झाला त्यामागे त्याचाही धाक होता, असे म्हणतात. आरोळ्यांच्या त्या गदारोळात लुई खेळायला आला आणि पहिल्याच खेपेला त्याने होमरन ठोकला. ज्या हंगामाला मी शीर्षकात एक हंगाम म्हटले, त्याचा हा कळस.

त्यानंतर जुलै उजाडला. महिन्याच्या सुरुवातीलाच लुईचा घोटा जबर दुखावला. दारूच्या बैठकीत असताना त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारली, अशी गोष्ट सांगितली जाते. घोटा नीट बरा होण्याआधीच तो पुन्हा मैदानावर आला आणि त्याचे ते धावणे गेले ते गेलेच. उरलेल्या हंगामात तो मोजकेच सामने खेळला. तरीही वर्षाअखेर त्याच्या नावावर ६६ सामने आणि ०.३३८ ची सरासरी होती. पुढच्या वर्षी २१ सामने, सरासरी ०.२२४. १८९९ साली फक्त ७ सामने. मे महिन्यात संघाने त्याला रजा दिली. त्या वर्षी क्लीव्हलंडचा संघ १३४ सामने हरला आणि २० जिंकला. इतक्या दुबळ्या संघातही लुईला जागा उरली नव्हती. मोठ्या लीगमधली त्याची सारी कारकीर्द ९४ सामन्यांची. त्या काळचा मातबर खेळाडू ह्यूई जेनिंग्ज याने पुढे टाय कॉबसारख्या महान फलंदाजाचा संघ सांभाळला. त्याचेही मत असे, की लुईच्या अंगी जे होते ते पूर्ण फुलले असते तर त्याची बरोबरी कोणी केली नसती.

दारूने घात केला, हे सर्वच लिहितात आणि ते खोटे नाही. मी त्यावर पांघरूण घालणार नाही. आमच्या गावातही कबड्डीचा एक चढाईपटू होता. तालुक्यात त्याच्या नावावर गर्दी जमे. तो विशीत असतानाच दारूच्या आहारी गेला. आज गावातले लोक त्याच्याविषयी हळहळतात; पण जिंकून आल्यावर त्याला पहिला पेला पाजणारे हेच लोक होते, ते कोणी बोलत नाही. लुईच्या बाबतीतही मला हेच म्हणायचे आहे. प्यायला तो स्वतः, यात शंका नाही. पण विजयानंतर त्याला पाजणारे हात थोडे नव्हते, आणि तो पडल्यावर वर्तमानपत्रांनी काढलेला निष्कर्ष मात्र एका माणसाबद्दलचा नव्हता. त्यांनी सारा दोष त्याच्या रक्ताला, त्याच्या जमातीला दिला. त्या काळी दारूपायी वाया गेलेले गोरे खेळाडू काय कमी होते? पण त्यांच्या पिण्यावरून सगळ्या गोऱ्यांचा स्वभाव कोणी ठरवला नाही.

इथे मला माझ्याविषयी थोडे बोलू द्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या वस्तीतल्या मुलींतही पहिलीच. मी पास झाले तर मुलगी हुशार निघाली असे लोक म्हणतील. नापास झाले तर मात्र मुलींना शिकवून काय उपयोग, असे म्हणतील, आणि माझ्या मागच्या दोन बहिणींची पुस्तके माळ्यावर जातील. एकाच निकालाचे हे दोन हिशेब आहेत. वर्गातल्या कितीतरी मैत्रिणी केवळ स्वतःसाठी परीक्षेला बसतात, याचा मला कधीकधी हेवा वाटतो. जो पहिला असतो त्याला फक्त स्वतःपुरते चुकण्याची मुभा नसते. लुईला ती नव्हती. त्याच्या दांड्याच्या प्रत्येक फटक्यावर एका जमातीचे वजन लटकत होते, आणि ते वजन त्याने मागून घेतलेले नव्हते.

पुढे काय झाले? काही वर्षे तो लहान लीगमधल्या संघांतून खेळत राहिला. १९०२ साली लोवेलच्या संघात होता. मग तो आपल्या बेटावर परतला. तिथे त्याने होडी वल्हवून माणसे नदीपार केली, जंगलात लाकूड तोडले, सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला आणि बेटावरच्या मुलांना बेसबॉल शिकवला. त्याच्या हाताखाली शिकलेली काही मुले पुढे न्यू इंग्लंडच्या लीगमध्येही खेळली. चरित्रकार या वर्षांना एकदोन ओळींत गुंडाळतात. मला मात्र ही वर्षे महत्त्वाची वाटतात. मोठ्या लीगमध्ये तो तीन हंगाम होता, तेही अर्धेमुर्धे. बेटावर त्यानंतर तो दहाएक वर्षे जगला. मान खाली घालून परत आलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती बॅट द्यावीशी वाटली, ही गोष्ट ०.३३८ च्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

२४ डिसेंबर १९१३ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, मेनमधल्या बर्लिंग्टन येथे लाकूडतोडीच्या कामावर असताना हृदय बंद पडून त्याचा अंत झाला. वय अवघे ४२. त्याच्या सदऱ्यात जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे सापडली, असे सांगतात.

त्याच्या मागे नाव राहिले, पण तेही वादाचे. क्लीव्हलंडच्या नव्या संघाने १९१५ साली इंडियन्स हे नाव घेतले आणि ते लुईच्या स्मरणार्थ असल्याचे संघाकडून पुढे अनेक वर्षे सांगण्यात येई. संशोधकांना मात्र त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत याला फारसा आधार मिळाला नाही. पिसे खोवलेला दात विचकणारा एक चेहरा त्या संघाचे बोधचिन्ह म्हणून कितीतरी वर्षे मिरवत होता. हा जर सन्मान असेल, तर १८९७ च्या आरोळ्यांना काय म्हणावे? अखेर ते चित्र २०१८ च्या हंगामानंतर खेळाडूंच्या पोशाखावरून गेले, आणि २०२२ च्या हंगामापासून संघाचे नावही बदलून गार्डियन्स झाले.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिला पडला म्हणून मागच्यांचे दार बंद झाले का? नाही झाले. लुईला रजा मिळाल्यावर चारच वर्षांनी, १९०३ साली, ओजिब्वे जमातीचा चार्ल्स बेंडर मोठ्या लीगमध्ये आला. तो थोर पिचर ठरला आणि १९५३ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी निवडला गेला. त्याच्यामागून जॉन मेयर्स आला, जिम थॉर्प आला. खुद्द इंडियन आयलंडवरचा, लुईच्याच नात्यातला अँड्र्यू सोकालेक्सिस १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला आणि चौथा आला.

यांच्यापैकी कोणाच्याही यशाचे श्रेय मी लुईच्या पदरात टाकत नाही. ते त्यांचे स्वतःचे आहे, जसे लुईचे अपयश त्याचे स्वतःचे होते. पण एकाच्या पडण्याने सगळ्यांची वाट बंद होते, हे जे आपल्याला भीती घालून सांगितले जाते, ते खरे नाही, एवढे या इतिहासावरून मला कळले. माझ्या बहिणींची पुस्तके माझ्या निकालावर अवलंबून ठेवू नयेत, हे आता मी घरी सांगू शकते. मी अभ्यास करणारच आहे. पण तो माझा अभ्यास असेल.