युद्ध संपते, शस्त्रे उरतात

तहावर सह्या झाल्या की युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याची लेखणी थांबते. हिशेबनिसाची लेखणी मात्र तेथूनच पुढे चालू लागते. सैनिक घरोघर परततात, सेनापतींचे पुतळे उभारले जातात. परंतु त्यांच्यासाठी सरकारने खरेदी केलेल्या लक्षावधी बंदुका, रिव्हॉल्व्हरे, खोगिरे, गणवेश आणि काडतुसे यांचे पुढे काय होते, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतो. अमेरिकेतील एका भंगारवाल्याच्या मुलाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या दुकानातच मांडून ठेवले होते. त्याचे नाव फ्रान्सिस बॅनरमन. जुन्या लष्करी सामानाच्या व्यापाराचा तो जनक समजला जातो आणि जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांत त्याचे नाव आजही सर्वतोमुखी आहे.

बॅनरमनचा जन्म १८५१ साली स्कॉटलंडमधील डंडी या गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेस गेले व पुढे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे स्थायिक झाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, वडील नौदलात दाखल झाले आणि दहा वर्षांच्या फ्रान्सिसला शाळा सोडावी लागली. सकाळी वृत्तपत्रे टाकावी आणि उरलेल्या वेळात बंदरातील पाण्यात गळ टाकून दोरखंड, साखळ्या, लोखंडाचे तुकडे ओढून काढावे व ते विकावे, असा त्याचा क्रम होता. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूलाही कोठेतरी गिऱ्हाईक असते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा त्याला तेथे मिळाला. वडील परतल्यावर ब्रुकलिनच्या नौदल गोदीजवळ दुकान निघाले आणि गोदीत लिलावात निघणारा माल हा त्या दुकानाचा आधार झाला.

१८६५ मध्ये युद्ध संपले तेव्हाची बाजारपेठ ध्यानात घेण्याजोगी आहे. युद्धकाळात अमेरिकन सरकारने कोल्ट आणि रेमिंग्टन या कारखान्यांकडून प्रत्येकी लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हरे घेतली होती. कोल्टच्या एका नगास प्रारंभी २५ डॉलर मोजले गेले. युद्ध संपताच सैनिकास आपले रिव्हॉल्व्हर ८ डॉलर भरून घरी नेण्याची मुभा मिळाली. मागणी एका दिवसात नाहीशी झाली आणि पुरवठा मात्र गोदामांत तसाच पडून राहिला. वस्तूत कोणताही दोष निर्माण झाला नव्हता; केवळ तिची गरज संपली होती.

त्यात तंत्रज्ञानाने आणखी भर घातली. ही सारी रिव्हॉल्व्हरे ठासणीची होती. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावी लागे आणि मागे टोपी बसवावी लागे. धातूचे तयार काडतूस मागून भरता येईल असे आरपार छिद्रांचे सिलिंडर करण्याचा हक्क रोलिन व्हाइट याच्या १८५५ च्या पेटंटने बांधला गेला होता आणि तो स्मिथ अँड वेसन या कंपनीच्या हाती होता. १८६९ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली आणि जुन्या रिव्हॉल्व्हरांना नवा जन्म मिळाला. सिलिंडरचा मागील भाग कापावा, तेथे नवी तबकडी बसवावी आणि जुने हत्यार नव्या काडतुसासाठी सिद्ध करावे, अशी रूपांतरे सरकारी व खाजगी कारखान्यांत होऊ लागली. १८७१ च्या सुमारास खुद्द सरकारच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेने हजाराहून अधिक कोल्ट रिव्हॉल्व्हरे या पद्धतीने बदलून घेतली. भंगार आणि माल यांच्यामधील अंतर किती थोड्या कारागिरीने ओलांडता येते, हे त्यावरून दिसून आले.

बॅनरमनचे वैशिष्ट्य असे की, त्याने हे अंतर नेमके मोजले. लष्करी लिलावात इतर व्यापारी बोली लावीत ती पितळेच्या आणि लोखंडाच्या वजनावर. बॅनरमन बोली लावी ती वस्तूच्या पुढील उपयोगावर. घोडदळाच्या रिव्हॉल्व्हरची लांब नळी शहरी ग्राहकास अडचणीची वाटते, तर ती आखूड करावी. पोलादावर गंज चढला आहे, तर त्यावर निकेलचा चकचकीत मुलामा द्यावा. एका हत्याराचा घोडा मोडला आहे, तर दुसऱ्या मोडक्या हत्याराचा त्यास जोडावा, ही त्या काळच्या व्यापाराची रीतच होती. सुमारे ९ हजार नगांपुरतीच निर्मिती झालेल्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरांपैकी पुष्कळ याच मार्गाने, आखूड नळीने, सैन्यातून बाजारात उतरली.

बॅनरमनचे दुकान पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर गेले आणि १९०५ पासून तेथील एका सात मजली इमारतीत नांदू लागले. त्याची सूचिपुस्तके शेकडो पानांची असत. नाटक मंडळ्या, उद्यानात तोफ मांडू इच्छिणाऱ्या नगरपालिका, वस्तुसंग्रहालये, शिकारी आणि दूरदेशीची सरकारे, असा त्याचा ग्राहकवर्ग होता. एकाच दुकानात रंगभूमीवरील खोट्या युद्धाचे आणि रणभूमीवरील खऱ्या युद्धाचे साहित्य मिळे. ही सूचिपुस्तके त्याच्यामागे कित्येक दशके निघत राहिली व आजही अभ्यासक ती संदर्भासाठी वापरतात.

१८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर अमेरिकेच्या हाती पडलेल्या शत्रूच्या सामानापैकी सुमारे ९० टक्के माल बॅनरमनने विकत घेतला. त्यात काडतुसांचा प्रचंड साठा होता आणि तो भरवस्तीत ठेवण्यास शहराचे नियम आडवे आले. तेव्हा १९०० मध्ये न्यूयॉर्कपासून सुमारे ८० किलोमीटरवर, हडसन नदीतील पोलेपेल नावाचे साडेसहा एकरांचे बेट त्याने खरेदी केले आणि पुढील वर्षापासून तेथे स्कॉटलंडमधील किल्ल्यांच्या धर्तीवर गोदामे उभारली. त्यांचा आराखडा त्याने स्वतःच केला. नदीवरून जाणाऱ्या प्रवाशांना तो बुरुजांचा राजवाडा वाटे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोरलेले दुकानाचे नाव वाचल्यावर ते कोठार असल्याचा उलगडा होई.

येथवरचे चरित्र एका कर्तबगार व्यापाऱ्याचे आहे. परंतु बॅनरमन धर्मनिष्ठ गृहस्थ होता. घरी नित्य बायबलचे वाचन होई. गरीब मुलांसाठी तो बायबलचे वर्ग घेई. आपण शांततेचे उपासक आहोत असे तो मनापासून मानी आणि आपला संग्रह पुढे कधीतरी लुप्त झालेल्या कलांचे संग्रहालय म्हणून ओळखला जावा, अशी आशा त्याने आपल्या सूचिपुस्तकातही प्रकट केली होती. हा दांभिकपणा होता असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. प्रश्न त्याच्या मनाचा नसून व्यवहाराचा आहे. जुने शस्त्र संग्रहालयात जाणार की नव्या कलहात, हे विक्रेत्याच्या इच्छेने ठरत नाही. ते किंमत देणाऱ्याच्या गरजेने ठरते. बाजार वस्तूला ग्राहक मिळवून देतो. ग्राहकाचा हेतू तपासणे हे बाजाराचे कामच नव्हे. ज्याने नाटकासाठी तलवार नेली आणि ज्याने बंडासाठी बंदूक नेली, त्या दोघांचे डॉलर खतावणीत एकाच रकान्यात पडतात.

१९१८ च्या नोव्हेंबरात, पहिले महायुद्ध थांबल्यावर अवघ्या काही दिवसांनी, बॅनरमनचा मृत्यू झाला. बेटावरील बांधकाम तेथेच थांबले. १९२० मध्ये तेथील सुमारे ९० किलो तोफगोळे व दारू यांचा स्फोट होऊन इमारतींचा काही भाग उद्ध्वस्त झाला. विकत घेणाऱ्याचा अंत झाला तरी विकत घेतलेल्या वस्तूचा गुणधर्म संपत नाही, याची ती रोकडी साक्ष होती. १९६७ मध्ये बेट न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचे झाले, १९६९ च्या आगीत इमारतींची छपरे व मजले जळाले आणि २००९ मध्ये आणखी काही भिंती ढासळल्या.

बॅनरमनच्या आशेला काळाने मात्र एक विलक्षण उत्तर दिले आहे. ज्या रिव्हॉल्व्हरांची त्या काळी काही डॉलरांत विक्री होई, ती आज संग्राहक मोठ्या किमतीस घेतात. पण त्यांना हवी असते मूळ नळी, मूळ रंग आणि प्रत्येक भागावर जुळणारा क्रमांक. एके काळी ज्या निकेलने आणि काटछाटीने किंमत वाढली, त्यांनीच आज ती घटते. त्यामुळे दुरुस्ती करणारा कारागीर आता उलट दिशेने काम करतो: तो शस्त्र अधिक उपयुक्त करीत नाही, तर अधिक जुने करतो. उपयोगाचे मूल्य ओसरले आणि स्मृतीचे मूल्य वाढले. त्या मर्यादित अर्थाने काही शस्त्रे खरोखरच संग्रहालयाची झाली.

परंतु त्यासाठी शंभर वर्षे जावी लागली आणि ती नवीन शस्त्रांनी निरुपयोगी ठरवल्यामुळे झाली, मनुष्य शहाणा झाल्यामुळे नव्हे. शस्त्र खरेदी करताना करदात्याचा पैसा खर्च होतो. ते मातीमोलाने विकले जाते तेव्हा तोटाही त्याचाच असतो. आणि ते पुन्हा कोणाच्या हाती पडले तर जीवही सामान्य माणसाचाच जातो. लिलावात मिळालेली थोडीशी रक्कम या तीन खर्चांपुढे जमेची बाजू ठरत नाही. म्हणून उरलेल्या शस्त्रांचे काय करावे हा निर्णय सर्वात मोठ्या बोलीवर सोपवणे शासनास शोभत नाही; जे जपायचे ते जपावे आणि उरलेले वितळवून टाकावे. बॅनरमनला जे संग्रहालय हवे होते ते व्यापाऱ्याच्या सदिच्छेने उभे राहणारे नव्हते. ते उभारण्याचे काम तह करणाऱ्यांचे होते आणि आजही त्यांचेच आहे.