बंधूंचे भांडवल

मुळशी खोऱ्यात एका भावाने भातखाचरे सांभाळावीत आणि दुसऱ्याने मुंबईत मजुरी करावी, ही घराघरांतील रीत होती. हिंजवडी-पिरंगुटकडे जमिनींचे भाव चढले आणि कित्येक घरांत कष्टांच्या वाटणीची जागा सात-बाराच्या वाटणीने घेतली. भावाच्या आधाराने माणूस कष्टाळू होतो की आळशी, हा प्रश्न अशा वेळी केवळ तात्त्विक राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८५ साली वडिलांच्या इच्छेविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल होऊ शकले, ते थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची तजवीज केली म्हणून. दोनच वर्षांत आपल्याला काही रंगांतील भेद कळत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले व चित्रकला सुटली. भावाचा पैसा पाण्यात गेला, असेच कोणीही म्हटले असते. पण लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखनाची कास धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे त्यांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात व रामूअण्णांनी बेळगावात त्या विकून गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवावे, असा व्यवसाय उभा राहिला. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्यामुळे अक्षरशः खरे ठरले.

बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितले. औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिच्या आखणीत व व्यवस्थेत पुन्हा रामूअण्णाच होते. दुसऱ्या बंधूंचे पुत्र शंकरराव यांनी १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर' मासिक सुरू केले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा त्या माळाचे नाव देशभर झाले होते.

हमखास मदतीची खात्री असली की श्रम ढिले पडतात, ही शंका निराधार नव्हे. ऐतखाऊ भाऊ कोणत्याही गावात सापडतो. रामूअण्णांची मदत मात्र पैशापाशी थांबली नाही. ते स्वतः कामाला भिडले. देणाराच घाम गाळू लागला, की घेणाऱ्यास स्वस्थ बसवत नाही. शिवाय अपयशानंतरही पाठीशी कोणी आहे, या विश्वासानेच माणूस नवे धाडस करू शकतो. वडिलार्जित जमीन विकून आलेली रक्कम वाटून घेता येते, हा विश्वास मात्र वाटणीत कोणाच्याच पदरी पडत नाही. मुळशीतील बांधांवर मोजणीचे दगड रोवले जात असताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.