फरशीवरचा सेनापती

आपल्या कॉलेजमध्ये ‘केटी लागली’ हे शब्द कानावर पडले नाहीत असा एक दिवस जात नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगते, ही गोष्ट अशाच एका नापास विद्यार्थ्याची आहे. १८८७ साली लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये जिऑलॉजीच्या फायनल परीक्षेत तो साफ आपटला. स्कॉलरशिप गेली, डिग्री मिळाली नाही, खिशात पैसे नाहीत. पण कॉलेजात असताना मित्रांबरोबर त्याने एक मॅगझिन सुरू केलं होतं, तुमच्या हातात आहे तसलंच. १८८८ साली त्याच मॅगझिनमध्ये त्याची एक कथा छापून आली. कथा होती काळातून प्रवास करणारं यंत्र बनवणाऱ्या शास्त्रज्ञाची. सात वर्षांनी तीच कल्पना त्याने नव्याने लिहून काढली आणि ‘द टाइम मशीन’ हे पुस्तक झालं.

हा विद्यार्थी म्हणजे एच. जी. वेल्स. सायन्स फिक्शनचा एक जनक म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तो आणखी एका कारणासाठी जवळचा वाटतो. खेळण्यातले सैनिक मांडून, अंतर मोजून, नियमाने युद्ध खेळायचा जो छंद आज जगभर चालतो, त्याचं पहिलं गाजलेलं पुस्तक वेल्सचं आहे. (वेल्सला मी ‘अरे-तुरे’ करतेय. जो माणूस चाळिशीत फरशीवर लोळून खेळला, त्याला ‘अहो’ म्हणवत नाही!)

त्याचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, इंग्लंडमधल्या ब्रॉमली गावातला. वडील जोसेफ यांचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. १८६२ साली केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या चार फलंदाजांना लागोपाठ चार चेंडूंवर बाद केलं होतं. आई सारा लग्नाआधी श्रीमंतांच्या घरी नोकरीला होती. १८७४ साली छोट्या वेल्सचा पाय मोडला. बिछान्यात पडल्या पडल्या त्याने मिळतील ती पुस्तकं वाचली आणि वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. तीन वर्षांनी वडिलांची मांडी मोडली. क्रिकेट थांबलं, त्यातून येणारे पैसे थांबले आणि आई पुन्हा एका हवेलीत हाऊसकीपर म्हणून गेली. मुलाला कापडाच्या दुकानात शिकाऊ म्हणून ठेवलं. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहून काम, झोपायला इतर शिकाऊ पोरांबरोबर एक खोली. दोन वर्षं त्याने कशीबशी काढली आणि मग ते सोडायचंच असा हट्ट धरला.

मिडहर्स्टच्या एका शाळेने त्याला शिकता शिकता शिकवायची संधी दिली. तिथून १८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून तो लंडनला पोचला. पहिल्याच वर्षी बायॉलॉजी शिकवायला कोण? तर डार्विनची बाजू हिरिरीने लढवणारे टी. एच. हक्सली! (हे कॉलेज पुढे इम्पीरियल कॉलेजचा भाग झालं.) हक्सलींच्या वर्गात वेल्स रमला, पुढच्या विषयांत मात्र मन लागेना. डिबेट, मॅगझिन, राजकारण यात वेळ जाऊ लागला. ओळखीचं वाटतंय ना? नापास झाल्यावर तो वेल्समधल्या (हा प्रदेश, आडनाव नव्हे) एका शाळेत मास्तर झाला. तिथे फुटबॉल खेळताना किडनीला मार बसला आणि कितीतरी दिवस अंथरुणात गेले. तरीही १८९० मध्ये बाहेरून परीक्षा देऊन त्याने लंडन युनिव्हर्सिटीची बी.एस्सी. पदरात पाडलीच.

यानंतर त्याचा वेग बघा. १८९५ ‘द टाइम मशीन’, १८९६ ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, १८९७ ‘द इनव्हिजिबल मॅन’, १८९८ ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. आपल्या चार वर्षांत आठ सेमिस्टर होतात, त्याच्या चार वर्षांत ही चार पुस्तकं झाली.

शेवटचं पुस्तक मी कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतून आठवीत आणून वाचलं होतं. मंगळावरून आलेले प्राणी तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून इंग्लंड जाळत सुटतात. तेव्हा वेल्स वोकिंग गावी राहायचा. सायकलवरून आसपास हिंडून कुठलं ठिकाण आणि कुठलं घर उद्ध्वस्त करायचं ते तो ठरवायचा. म्हणजे सैनिक हातात येण्याआधीच हा माणूस रणांगणाची पाहणी करत होता! पण त्यामागचा विचार गंमतीचा नव्हता. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी जे केलं, त्याची आठवण तो पुस्तकाच्या सुरुवातीलाच करून देतो. दुसऱ्यांचे देश बळकावणाऱ्या इंग्लंडवर कोणी बलाढ्य असंच चालून आलं तर, हा त्याचा प्रश्न होता. शेवटी मंगळवाले मरतात ते तोफांनी नाही, साध्या जंतूंनी.

दुसऱ्या लग्नाची बायको एमी कॅथरीन, जिला तो जेन म्हणायचा, आणि जिप व फ्रँक ही दोन मुलं असा त्याचा संसार समुद्रकाठच्या सँडगेट गावी थाटला. मुलांबरोबर खेळता खेळता १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटं पुस्तक आलं. खोलीची फरशी म्हणजे समुद्र, त्यावर लाकडी फळ्यांची बेटं, ठोकळ्यांची शहरं. शहर नेहमी जोडशहर असायचं, कारण दोन्ही पोरांना महापौर व्हायचं असायचं! आपल्याकडे दिवाळीत दगड-मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, अळीव पेरून जंगल करतात, तसलाच हा प्रकार. आणि आपल्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकचा वाघ आणि ट्रॅफिक पोलीस उभा असतो ना, तसंच त्याचंही. दुकानात सगळे सैनिकच मिळतात, साधी माणसं मिळतच नाहीत, ही त्याची तक्रार होती. मग जर्मनीतून आणलेले काही शिपाई त्याने आपल्या शहरात बिनदिक्कत पोलीस म्हणून उभे केले.

हे सैनिक शिशाचे असायचे. १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने ते पोकळ ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर घट्ट झाला की आतलं उरलेलं परत ओतून घ्यायचं. (मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसच्या ओरलला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.) वजन कमी, किंमत कमी, त्यामुळे सैन्य मोठं. याच कंपनीची स्प्रिंगची खेळण्यातली तोफ होती. इंचभर लांबीचा लाकडी दांडू ती उडवायची आणि नेम धरून शिपाई आडवा करता यायचा. एकदा सँडगेटला जेवणानंतर घरी आलेल्या मित्राने, हा मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, गंमत म्हणून सैनिकांवर नेम धरला. झालं, मोठी माणसं गुडघ्यांवर आली! एनसायक्लोपीडियाचे जाडजूड खंड टेकड्या झाले आणि नियमांवरून वाद सुरू झाले.

त्या वादांतून १९१३ साली ‘लिटिल वॉर्स’ हे पुस्तक तयार झालं. नियम सुटसुटीत होते. पायदळ एका खेळीत एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट. प्रत्येक खेळीला घड्याळ लावलेलं. तोफेजवळ चार माणसं नसतील तर ती उडणार नाही. सैन्यं भिडली की माणसामागे माणूस जाणार. प्रशियाच्या लष्करात नकाशावरचा युद्धखेळ पूर्वीपासून होता, पण तो अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी. वेल्सने तो घराच्या फरशीवर आणला. फक्त त्याच्या लांबलचक उपशीर्षकाबद्दल माझं त्याच्याशी भांडण आहे. खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या सर्व मुलग्यांसाठी. मुलींपैकी मात्र ज्या जास्त हुशार, ज्यांना मुलांचे खेळ आवडतात, त्यांच्यासाठीच! मुलग्यांना हुशारीची अट नाही बरं का.

आज या छंदाची झेप मंगळापलीकडे गेली आहे. १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अशाच सैनिकांच्या खेळातून निघाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स याने ‘लिटिल वॉर्स’च्या २००४ च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. १९८७ मध्ये इंग्लंडमध्येच ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला. त्यातही अंतर इंचांतच मोजतात. पण खेळापेक्षा जास्त वेळ जातो सैन्य बनवण्यात. विकत मिळतं तसं सैन्य मांडण्यात मजा नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर, तिसऱ्याची बंदूक, मधली फट पुटीने बुजवायची. याला कन्व्हर्जन म्हणतात.

मी आणि माझी रूममेट सध्या वेल्सच्या मंगळवाल्यांचं सैन्य बनवतोय. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे तीन पाय, प्लॅस्टिकच्या चेंडूच्या अर्ध्या भागाचा टोप, बॉलपेनच्या स्प्रिंगचे हात, निकामी सर्किट बोर्डावरचा कपॅसिटर म्हणजे उष्णकिरणांची तोफ. सांधे एम-सीलने. ते घट्ट व्हायच्या आत टाचणीने रेघा ओढल्या की पत्र्याचे जोड दिसतात. रंगवायची पद्धत ठरलेली आहे. आधी काळा प्रायमर. मग पातळ केलेल्या ॲक्रिलिकचे दोन-तीन हात, कारण एकच जाड हात दिला तर बारकावे बुजतात. मग खूप पातळ काळपट रंग सोडायचा, तो आपोआप खाचांत उतरतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडा चकाकतात. समोरच्या बाजूला स्वस्तातले हिरवे प्लॅस्टिकचे शिपाई आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या बंदुका कापून हातात गाठोडी दिली, म्हणजे घर सोडून पळणारी माणसं तयार झाली. वेल्सला हवी होती ती साधी माणसं! ती मांडल्यापासून आमच्या खेळात एक फरक पडलाय. आता तोफ कुठेही डागता येत नाही, आधी मधे कोण उभं आहे ते बघावं लागतं.

वेल्सलाही नेमकं हेच म्हणायचं होतं असं मला वाटतं. ‘लिटिल वॉर्स’च्या शेवटी तो अचानक गंभीर होतो. तीन-चार डाव खेळलेल्या कोणालाही कळेल की खरं युद्ध हा किती मोठा सावळागोंधळ असणार, असं तो सांगतो. ज्या राजांना आणि सेनापतींना लढायची एवढी हौस आहे त्यांना एका मोठ्या इमारतीत हवे तेवढे सैनिक द्या आणि बाकीच्यांना सुखाने जगू द्या, हा त्याचा उपाय. पुस्तक आलं १९१३ मध्ये. १९१४ च्या जुलैअखेर पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आणि इथेच त्याच्या आयुष्यातली न सुटणारी गाठ आहे. फरशीवरच लढा म्हणणाऱ्या याच माणसाने त्या युद्धाचं समर्थन केलं. हे युद्ध सगळ्या युद्धांचा शेवट करेल असं त्याने लिहिलं. १९१८ मध्ये काही महिने सरकारच्या प्रचारखात्यात कामही केलं. युद्धं काही संपली नाहीत. १९०३ च्या एका कथेत त्याने चिलखती लढाऊ गाड्या कल्पिल्या होत्या. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये खरे रणगाडे उतरले. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये त्याने अणुबॉम्बची कल्पना मांडली, नावासकट. ते पुस्तक लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये वाचलं आणि पुढच्याच वर्षी त्याला चेन रिॲक्शनची कल्पना सुचली. जे शस्त्र धोक्याचा इशारा म्हणून कागदावर काढलं, ते पुढे खरंच तयार झालं.

नंतरची वर्षं तो हेच सावरत राहिला. शाळेत देशादेशाचा वेगळा इतिहास न शिकवता माणसाचा एकच इतिहास शिकवावा म्हणून १९२० मध्ये ‘द आउटलाइन ऑफ हिस्टरी’ लिहिलं. स्वतःला डायबेटिस होता, म्हणून १९३४ मध्ये डॉ. लॉरेन्स यांच्याबरोबर रुग्णांची संघटना उभी केली. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हाही त्याने शहरातलं घर सोडलं नाही. त्याच काळात माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा तयार करण्यासाठी झटला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. वेल्सने ते पाहिलं. १३ ऑगस्ट १९४६ ला तो लंडनमध्ये वारला.

आपल्यातले काहीजण उद्या सॉफ्टवेअरमध्ये जातील, काही डीआरडीओत, काही एमएस करायला बाहेर. आपण जे डिझाइन करू त्यातून कोण काय करेल हे आपल्या हातात असेलच असं नाही, वेल्सच्याही नव्हतं. पण ड्रॉइंग पूर्ण करण्याआधी बोर्डावर दोन-चार साधी माणसं मांडून बघणं आपल्या हातात आहे. बंदूक नसलेली, गाठोडं घेतलेली. त्यासाठी नियमांचं पुस्तक लागत नाही, एक धारदार कटर आणि थोडं एम-सील पुरतं.