जात्यापाशी पंढरी

गोदातीरीचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. बालवयातच त्या पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवांच्या त्या मोठ्या संसारात जन्मभर राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे. उसंत अशी नाहीच. विठ्ठल त्यांच्यासवे दळू लागे, ही कथा आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो. परंतु भाविकहो, त्याहून मोठे नवल निराळेच आहे. जात्यापासून सुटका त्यांनी देवापाशी मागितली नाही. देवालाच जात्यापाशी बोलावले. दासीपण लोकांच्या लेखी हीन. जनाबाईंनी तीच आपली नाममुद्रा केली, सुमारे ३५० अभंगांतून मिरविली. इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस, पंढरीच्या महाद्वारी त्या समाधिस्थ झाल्या, अशी परंपरा आहे.